‘तू डिजिटलला बस’

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं म्हणजे वेडेपणा आहे, पण मी रागावलेली आहे आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आई म्हणायची. आईला तुमच्या हाताखाली काम करावं लागलं नाही. तेव्हा मी बोलणार आहे, आणि आज तुम्ही मला आत पाठवू शकत नाही, मधेच तोडू शकत नाही, चष्म्यावरून बघूही शकत नाही. बसा आणि ऐका.

झालं असं, की आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली आहे. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, हुशार, जरा बुजरी. आज माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, एक अगदी बेसिक डाउट आहे. हसणार नाही ना? चिप डिझाइनमध्ये पुढे जायचं तर डिजिटल घ्यावं की ॲनालॉग? आणि दोन्ही चिप आतून खरंच वेगळ्या असतात का?” मी हसले नाही. माझे कान मात्र तापले. कारण हाच प्रश्न, जवळजवळ ह्याच शब्दांत, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलेला. आणि तुम्ही अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालेलात, “बालवाडी शोधत असशील तर ती खोपटला आहे, एसटी डेपोच्या मागे.” सगळे फिदीफिदी हसले. मीपण हसले, काय करणार! ठाण्याच्या नौपाड्यातल्या पांढरपेशा घरातली मुलगी. मोठ्या माणसानं विनोद केला की हसायचं, एवढं वळण अंगात मुरलेलं होतं. त्या मुलीला मी म्हटलं, उद्या सांगते. आणि घरी येऊन तिला उत्तर द्यायच्या ऐवजी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आपली जागा वागळे इस्टेटीत, खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, त्यामुळे दिवसभर तो गरम प्लास्टिकचा वास. आपण काट्याची चिप करत होतो, दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात बसणारी. चिप नखाएवढी, पण तिचा नकाशा सतरंजीएवढा. लेआउट म्हणायचं त्याला. तो मोठ्ठा कागद मशीनवर छापून आला की टेबलं भिंतीला सरकवायची, चपला बाहेर काढायच्या आणि सगळ्यांनी त्याच्यावर रांगायचं. एकानं सर्किटातली जोडणी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं ती तार कागदावर शोधून रंगीत पेन्सिलीनं भरत जायची. तार भरली म्हणजे तपासली. चिप बाहेरच्या देशात बनून यायची, चूक झाली की महिने पाण्यात, म्हणून हा सगळा रांगायचा सोहळा. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मी दिवसच्या दिवस त्या कागदावर काढलेत. माझ्या सगळ्या सलवारी गुडघ्यावर निळ्या-लाल झालेल्या, आणि आई विचारायची, तू ऑफिसात जातेस की चित्रकलेच्या वर्गाला?

त्या चिपचे दोन भाग. वजन ठेवलं की अगदी बारीकसा व्होल्टेज येतो. त्याला न दुखावता, न बिघडवता मोठा करायचा, तो ॲनालॉग भाग. मग त्याचे आकडे करून समोरच्या डिस्प्लेवर दाखवायचे, तो डिजिटल. ऑफिसातही हेच दोन भाग पडलेले. ॲनालॉगवाले खिडकीजवळ, तुमच्या केबिनला लागून, पंख्याखाली. डिजिटलवाले आतल्या खोलीत, संडासाला लागून, ट्यूबलाइटच्या उजेडात. “ॲनालॉग म्हणजे गाणं, डिजिटल म्हणजे किराणा दुकानाचा हिशेब,” हे तुमचं लाडकं वाक्य, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवायचात. खिडकीजवळ एक टेबल रिकामं होतं. ते कोणाला मिळणार, एवढीच त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात गोष्ट. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी घरी जाताना त्याच्यावर काय काय ठेवायचं ते ठरवायचे.

आणि तुमचा तो नियम! ऑफिसच्या वेळात प्रश्न विचारायचे नाहीत, ऑफिस कामासाठी आहे. प्रश्न असतील तर रविवारी सकाळी डोंबिवलीला घरी या. लोकांना वाटायचं, काय थोर माणूस, सुट्टीच्या दिवशी फुकट शिकवतो. मलाही वाटायचं. पहिल्या रविवारी मी केस धुऊन, नवी वही घेऊन आलेले. मुलं हॉलमध्ये दिवाणावर ऐसपैस बसली, आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “अगं, तू जरा आत बघ. हिला हातभार लाव, मग ये.” मग ये! ते ‘मग’ दोन वर्षांत आलं नाही, सर. काकू बिचाऱ्या ओशाळायच्या. “बस गं, हे असेच आहेत,” म्हणायच्या आणि विळी माझ्याकडे सरकवायच्या. “इथूनच विचार की. सगळं ऐकू जातं बाहेर.” म्हणून मी पोह्यांसाठी नारळ खवत खवत स्वयंपाकघरातून ओरडून चिप डिझाइन शिकलेली बाई आहे. काकू मधेच म्हणणार, “थांब, कुकर होऊ दे, मग विचार.” मी थांबायचे.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला कधी कळली नाही. ते सगळे प्रश्न माझे नव्हते.

तो कळव्याचा मुलगा आठवतो? माझ्यानंतर लागलेला, शांत, गोरागोमटा, तुम्ही ज्याला ‘खोल मुलगा’ म्हणायचात? रविवारी स्टेशनवरून तुमच्या घरी चालत येताना तो माझ्या शेजारी यायचा आणि हळूच म्हणायचा, “ए, आज ते विचार ना, शून्य म्हणजे एक्झॅक्ट झिरो व्होल्टच का, ते.”

“तूच विचार की.”

“वेडी आहेस काय? माझी पार वाट लागेल. तुला तशीही पडतेच शिवी. अजून एक पडली तर काय होतंय यार?”

आधी तो एकटा होता, मग बाकीचेही आले. मधल्या व्होल्टेजचं काय होतं ते विचार. दोन्ही भाग एकाच चिपवर कशाला ठेवायचे ते विचार. आणि मी विचारायचे! मला राग यायचा, पण उत्तर मलाही हवं असायचं ना. मी आतून ओरडायचे, “सर, शून्य म्हणजे शून्यच व्होल्ट का?” आणि बाहेरून तुमचा आवाज, “ऐका रे, हिला एवढंही माहीत नाही.” ती मुलं काय गंभीर चेहरे करून माना डोलवायची, जणू पाळण्यातच शिकून आलेत! दारातून दिसायचं मला. जो विचारत नाही त्याला कळतंय, जी विचारते ती ढ, असा तुमचा साधा सरळ हिशेब, आणि तो लक्षात आल्यावर सगळा ऑफिसचा कारभार माझ्या तोंडून चालायला लागला.

संताप कशाचा येतो माहीत आहे? की तुम्ही उत्तरं उत्तम द्यायचात. शिवी देऊन झाली की तुमचा आवाज बदलायचा. “शून्य म्हणजे शून्य नव्हे. एका रेषेच्या खालचं सगळं शून्य, एका रेषेच्या वरचं सगळं एक, आणि मधल्या भागात कोणी फार वेळ उभं राहायचं नाही.” किंवा ते दुसरं, “चिप आतून एकच. ट्रान्झिस्टर तोच. डिजिटलमध्ये दार सताड उघडायचं नाहीतर धाडकन लावायचं. ॲनालॉगमध्ये तेच दार अर्धं उघडं धरून उभं राहायचं, आणि वाऱ्यानं हलू द्यायचं नाही.” मी खवणी थांबवून ऐकते आहे, काकूपण ऐकताहेत. किती सोपं, किती स्वच्छ! पण बोलताना तुमचं तोंड मुलांकडे. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला एकदाही दिलं नाहीत.

एकदा मात्र मी माझा स्वतःचा प्रश्न विचारला. तेव्हा मी डिजिटल भागाच्या तारा टाकत होते आणि मनात आलं, ही घड्याळाची तार, जी सारखी शून्य-एक, शून्य-एक करत धावते, तिचा शेजारच्या नाजूक ॲनालॉग भागाला उपद्रव होत नसेल का? म्हणून त्या रविवारी विचारलं, “सर, घड्याळाची तार ॲनालॉगच्या जवळून नेली तर चालते का?” तुमचं डोकं आधीच फिरलेलं, कारण त्याच्या आधी मी पोरांचे चार प्रश्न विचारून झालेले. “तू आधी तो कुकर बघ,” तुम्ही म्हणालात. मुलं हसली. मी कुकर बघितला.

मग मी ती तार नेली. जिथून सगळ्यांत जवळचा रस्ता मोकळा होता तिथून नेली, आणि तो रस्ता नेमका ॲनालॉगच्या तोंडाशी बसवलेल्या त्या दोन जुळ्या ट्रान्झिस्टरवरून जात होता. बारीक व्होल्टेज जिथे पहिल्यांदा आत येतो, ती जागा. कागद जमिनीवर पसरला. कळव्याचा मुलगा जोडण्या वाचतोय, मी हिरवी पेन्सिल भरत चाललेय. जोडणी बरोबर होती. सगळ्या जोडण्या बरोबर होत्या. तुम्ही कागदाच्या कडेला उभे होतात, ते एकदम खाली बसलात, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत आणि त्या तारेवर अशी फुली मारलीत की कागद फाटला. “हे काय आहे? अगं, तो बिचारा कुजबूज ऐकायचा प्रयत्न करतोय आणि तू त्याच्या कानावर ढोल बडवतेस?” मी म्हटलं, “सर, मी विचारलेलं.” “काय विचारलेलंस? तू दर रविवारी पन्नास गोष्टी विचारतेस!” आणि मग ते वाक्य. सगळे रांगायचे थांबले होते. “तू मोजतेस, ऐकत नाहीस. तुला शून्य-एकच झेपेल. तू डिजिटलला बस.”

खिडकीजवळचं टेबल कळव्याच्या मुलाला दिलंत. त्याच संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या केबिनमध्ये आले. रात्रभर वाक्य जुळवलेलं. “सर, ते प्रश्न माझे नव्हते. मला सांगितलं जायचं, म्हणून मी विचारायचे.” तुम्ही फाइलमधून डोकंही वर न काढता म्हणालात, “असं? मग कोणाचे?” काचेपलीकडे तो नव्या टेबलावर खाली मान घालून बसलेला. त्याच्या वडिलांची नोकरी गेलेली, घर त्याच्यावर चाललेलं, हे मला माहीत होतं. मी त्याचं नाव घेतलं नाही. “बघ,” तुम्ही म्हणालात. एवढंच. बाहेर आल्यावर तो जिन्यात येऊन म्हणाला, “थँक्स यार. दिल पे मत ले.” घेतलं, रे बाबा. चांगलं काळजावर घेतलं.

त्यानंतर काही महिने आत बसले, दात-ओठ खात काम केलं आणि दुसरीकडे नोकरी धरली. राजीनामा दिला तर तुमचा प्रश्न काय, तर “लग्न ठरलं वाटतं?” आपल्याकडे निघणाऱ्याला भेट द्यायची पद्धत, आणि भेट तुम्ही निवडायचात. मुलांना मल्टिमीटर मिळायचा. मला स्टीलचे डबे. टाळ्या वाजल्या, मी पिशवी घेऊन रिक्षात बसले आणि तीन हात नाक्यापर्यंत धरून ठेवलेलं रडू तिथे सुटलं. डबे चांगले निघाले, तीच तर पंचाईत. अजून त्यात तूरडाळ आहे.

नव्या कंपनीत मला विचारलं, कोणतं काम घेणार? मी म्हटलं, ॲनालॉग. त्यांनी दुसऱ्यांदा विचारायच्या आत म्हटलं. आणि मग ह्या जन्मात दुसरं काही केलं नाही. पहिली काही वर्षं तर नुसती रडारड होती. बाकीच्यांना जे अंदाजानं कळायचं ते मला दहा पानं गणित केल्यावर कळायचं. पण मी बसले. जेवढे ॲम्प्लिफायर केले तेवढे तुमच्या नाकावर टिच्चून केले. प्रत्येक चिप चालू झाली की माझ्या मनात पहिलं यायचं, ‘बघा, कोण ऐकत नाही ते!’ तुम्ही गेल्याचा फोन त्या कळव्याच्या मुलानंच केला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी. तो तेव्हा चिप सोडून कल्याणला बायकोच्या भावाबरोबर इन्व्हर्टरच्या धंद्यात पडलेला आणि मजेत होता. खिडकीजवळचं ते टेबल त्यानं दीड वर्षात सोडलं, हेही मला तेव्हाच कळलं. “येतेस ना डोंबिवलीला?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, रजा मिळत नाहीये. रजा होती. मला यायचं नव्हतं. काकूंसाठी यायला हवं होतं हे मान्य, पण काकूंच्या शेजारी फोटो तुमचा असणार होता.

इथवर लिहून मी थांबणार होते. इथवरचं पत्र कोणीही वाचलं तरी माझ्याच बाजूनं बोलेल. पण खरं म्हणजे मी आज लिहायला बसले ती त्या मुलीच्या प्रश्नामुळे नव्हे. तिचा प्रश्न झोंबला, कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात एक गोष्ट झालेली.

आमचा डिजिटलचा माणूस आजारी पडला आणि एक छोटासा भाग करायचा राहिला. चिपमधल्या तीन-चार भागांना एकच रस्ता वापरायचा असतो. पहिलं कोण जाईल, कोण थांबेल, थांबलेल्याला किती वेळ थांबवायचं, हे ठरवणारा भाग. करायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी म्हटलं, द्या इकडे. सकाळी बसले. कागदावर चार गोल काढले, त्यांच्यात बाण काढले. एक बाण खोडला, एक वाढवला. सगळं कसं एकापुढे एक येत गेलं. मला शोधावं लागलंच नाही. कोणी जेवायला बोलवायला आलं तेव्हा कळलं की दुपार झाली आहे. चालवून बघितलं, पहिल्या फटक्यात चाललं. वारा नाही, दार धरून उभं राहणं नाही. मी अशी आरामात खुर्चीत मागे टेकले आणि ती नवीन मुलगी शेजारून म्हणाली, “मॅडम, तुम्ही गाताय?” मी खरंच गुणगुणत होते, सर. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकाही ॲम्प्लिफायरवर बसून मी गायलेली नाही.

तेव्हापासून मी तुमच्यावर पूर्वीपेक्षा जास्त चिडलेली आहे. कारण तुम्ही ओळखलेलंत. दोन वर्षं माझे कागद तुमच्या हाताखालून गेले, आणि माझा हात कुठे चालतो ते तुम्ही बरोब्बर हेरलंत. इतकं नीट मला घरच्यांनीही कधी पाहिलं नव्हतं, मी स्वतःही नाही. आणि ते तुम्ही काय केलंत? सगळ्यांसमोर शिवीसारखं माझ्या तोंडावर फेकलंत. साधं बोलता येत नव्हतं का हो? “अगं, तुझं डोकं इकडे छान चालतं, हे घे,” एवढं म्हणाला असतात तर मी संडासाशेजारच्या त्या खोलीत जन्मभर आनंदानं बसले असते. आयुष्यभर मी तुम्हाला खोटं पाडत राहिले, आणि खोटं पाडण्यासारखं काही नव्हतंच!

उद्या त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे. दोन्ही आतून सारख्याच असतात हे सांगेन, दाराचं उदाहरणही देईन. तुमचं नाव घेणार नाही. काय घ्यायचं ते तिला महिनाभर दोन्हीकडे बसून ठरवू दे, आणि मला काय आवडतं असं तिनं विचारलंच तर अजून माझ्या तोंडून ॲनालॉग हेच निघेल, सवयच झाली आहे.

आणि हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. तुमचा पत्ता राहिला नाही, हे कारण नव्हे. तुम्ही डोंबिवलीत त्याच दिवाणावर बसलेले असतात तरी टाकलं नसतं. तुमचं बरोबर होतं, हे तुम्हाला कळलेलं मला अजूनही सहन होणार नाही.